वाट पाहण्याची रीत

वडील माणसांनीं मुलांस काय शिकवावें, याविषयींच या सदरांतून आजवर बहुधा लिहीत आलों आहें. आजचा प्रकार उलटा आहे. मुलानें वडील माणसास शिकविलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. आणि तींत अपराध माझा स्वतःचा आहे, तेव्हां तो आधीं सांगून टाकतों.

सन २००५च्या फाल्गुनांतील गोष्ट. त्या काळीं महाराष्ट्रांत भारनियमन जोरांत होतें, आणि आमच्या सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गांवीं दिवसाचे कित्येक तास वीज नसे. आमचें कुटुंब एकत्र. माझी आई तेव्हां हयात होती. आकाशवाणीच्या सायंकाळच्या बातम्या ऐकल्यावांचून तिचा दिवस पुरा होत नसे, आणि वीज नसली म्हणजे तिच्या ट्रान्झिस्टरला सेल लागत. म्हणून देवघराजवळच्या कोनाड्यांत पेन्सिल सेलांची एक पुडी नेहमीं भरलेली ठेवण्याची आमच्या घरीं रीत होती, आणि त्या पुडीचा हिशेब माझ्याकडे होता.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तेव्हां बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच्या मामानें अमेरिकेंतून येतांना हातांत धरून खेळण्याचें एक जुनें यंत्र त्याला आणून दिलें होतें. वितीएवढें यंत्र, त्याला चिमुकला पडदा, कांहीं बटणें, आणि पोटांत चार पेन्सिल सेल. एका सोमवारीं त्यानें मला विचारून चार सेल घेतले. गुरुवारीं तो पुन्हां सेल मागावयास आला.

"सोमवारचे कोठें गेले?" मीं विचारलें.

"संपले, अण्णा."

"तीन दिवसांत? रात्रंदिवस खेळतोस कीं काय?"

"नाहीं अण्णा, रोज अर्धाच तास खेळतों. अभ्यासाला बसतांना खेळ थांबवून ठेवतों. यंत्र बंद केलें तर सगळा डाव पहिल्यापासून खेळावा लागतो."

"थांबलेलें यंत्र सेल खातें काय रे?"

या प्रश्नास त्या मुलाजवळ उत्तर नव्हतें, आणि उत्तर नाहीं म्हणजे तो खोटें बोलतो, असा निकाल मीं देऊन टाकला. सर्वांसमक्ष मीं त्याला खोटारडा म्हटलें, यंत्र काढून घेतलें आणि माझ्या कपाटांत कुलपांत ठेवलें. परीक्षा झाल्यावर माग, असें सांगितलें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. आई मला एवढेंच म्हणाली, "पोर खोटें बोलणारें नव्हे." मीं तें मनावर घेतलें नाहीं. परीक्षा झाली, उन्हाळ्याची सुटी गेली. त्यानें तें यंत्र पुन्हां कधीं मागितलें नाहीं, आणि मीही तें विसरून गेलों.

तो पुतण्या आज पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. गेल्या दिवाळींत तो सहकुटुंब आला, तेव्हां आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठीं स्वतः रचलेला एक खेळ घेऊन आला. खेळ पाढ्यांचा. पडद्यावर प्रश्न येतो आणि मूल बटण दाबून उत्तर निवडतें. माझ्या आग्रहावरून त्यानें पावकी, निमकी आणि दिडकी हीं देखील त्यांत घातलीं होतीं, याचें मला विशेष कौतुक वाटलें. हा खेळ त्यानें निन्टेन्डो कंपनीच्या ‘गेम बॉय’ नांवाच्या जुन्या यंत्रासाठीं लिहिला होता. जुनें यंत्र कां, असें विचारतां तो म्हणाला, "यांत इंटरनेट नाहीं आणि जाहिरातीही नाहींत."

नात दोन प्रश्न सोडवी, आणि यंत्र तसेंच चालू ठेवून अंगणांत किल्ला करावयास पळे. दुसऱ्या दिवशीं सेल संपले. मी तिला कांहीं बोलणार, इतक्यांत पुतण्या म्हणाला, "अण्णा, तिला बोलूं नका. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. तो थांबतो, पण निजत नाहीं."

हें वाक्य मला कळलें नाहीं. तेव्हां ओटीवर बसून त्यानें मला जें समजावून दिलें, तें वाचकांपुढें ठेवतों.

गेम बॉय १९८९ सालीं जपानांत निघाला. तो व त्याची १९९८ मधील रंगीत आवृत्ति मिळून जगभर ११ कोटींहून अधिक यंत्रें खपलीं. त्याच्या प्रोसेसरचें, म्हणजे हिशेब करणाऱ्या मुख्य भागाचें, घड्याळ दर सेकंदास सुमारें ४२ लक्ष ठोके देतें. पडद्यावरील चित्र दर सेकंदास जवळजवळ ६० वेळां नव्यानें काढलें जातें. भागाकार केला म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत प्रोसेसरला सुमारें ७० हजार ठोके मिळतात. पाढ्यांच्या खेळास इतक्या ठोक्यांचें काय प्रयोजन? बटण दाबलें गेलें काय तें पाहणें, दाबलें असल्यास उत्तर ताडून पाहणें आणि गुण मांडणें, एवढेंच काम. तें थोडक्या ठोक्यांत उरकतें. उरलेला सारा वेळ पुढल्या चित्राची वाट पाहण्यांत जातो.

ही वाट दोन रीतींनीं पाहतां येते. आमच्या एस.टी. स्थानकावर पंढरपूरच्या गाडीसाठीं थांबलेले दोन प्रवासी डोळ्यांपुढें आणावे. पहिला क्षणाक्षणाला उठतो, चौकशीच्या खिडकीपाशीं जातो आणि "गाडी आली काय?" म्हणून विचारतो. नाहीं म्हटल्यावर परत येतो, आणि बसतां बसतां पुन्हां उठतो. दुसरा आपल्या वळकटीवर डोकें टेकून स्वस्थ निजतो, आणि शेजाऱ्याला सांगून ठेवतो कीं, गाडी लागली म्हणजे मला हाक मारा. दोघांनाही गाडी एकाच वेळीं मिळते. परंतु पहिला गाडींत चढतो तोंच दमलेला असतो.

पुतण्याचा प्रोग्रॅम हा पहिला प्रवासी होता. चित्र पुरें झालें काय, झालें काय, असें तो सेकंदांतून लक्षावधि वेळां विचारीत बसे, आणि प्रत्येक विचारण्यास वीज लागे. आपल्याला पडद्यावर एकच प्रश्न स्थिर दिसतो. आंत मात्र धांवाधांव चाललेली असते. नातीनें खेळ टाकून किल्ल्याची माती कालविली, तेवढा वेळही ती धांवाधांव थांबलेली नव्हती.

दुसऱ्या प्रवाशासारखें वागण्याची सोय त्या प्रोसेसरमध्यें मुळापासून आहे. त्या आज्ञेचें नांव ‘हॉल्ट’, म्हणजे थांब. ती मिळतांच प्रोसेसर निजतो. चित्र पुरें झालें म्हणजे यंत्राचा दुसरा भाग त्याला हाक मारतो. तो उठतो, आपलें काम करतो आणि पुन्हां निजतो. तो निजला असतांना खेळाच्या डबींतील स्मृतिसंचाकडे त्याच्या ज्या फेऱ्या होतात, त्याही वांचतात. मात्र कोणती हाक ऐकावयाची हें आधीं सांगून ठेवावें लागतें. नाहीं तर निजलेला उठत नाहीं आणि खेळ तेथेंच गोठतो. पुतण्यानें प्रोग्रॅमच्या मुख्य फेऱ्यांत ही एक आज्ञा घातली आणि नवे सेल बसविले.

यानें सेल किती अधिक टिकतात? या यंत्रासाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या जुन्या टिपणांत ५ पासून ५० टक्क्यांपर्यंत, क्वचित् त्याहूनही अधिक, असा अंदाज दिलेला आहे. ज्या खेळांत प्रोसेसरला काम थोडें व वाट पाहणें फार, तेथें लाभ मोठा. ज्यांत सारे ठोके कामींच लागतात, तेथें लाभ किरकोळ. पडदा आणि आवाज यांचा खर्च तर ‘हॉल्ट’नें कमी होत नाहीं. त्यामुळें आमच्या घरीं कांहीं चमत्कार घडला असें मी म्हणत नाहीं. सेल पहिल्यापेक्षां बरे टिकले, एवढें खरें.

हें सर्व ऐकत असतां मला एकाएकीं तो गुरुवार आठवला. खेळ थांबविला तरी पडदा चालूच असतो, घड्याळाचे ठोके चालूच असतात, आणि प्रोग्रॅम पहिल्या प्रवाशाच्या जातीचा असल्यास प्रोसेसर खेळतांना जितका राबतो तितकाच थांबलेला असतांनाही राबतो. शिवाय आमच्या कोनाड्यांतील पुडी स्वस्तांतल्या झिंक-कार्बन सेलांची असे. ट्रान्झिस्टरला ते चालतात. परंतु सतत वीज ओढणाऱ्या यंत्रांत अल्कलाइन सेल त्यांच्या कित्येक पटींनीं टिकतात. थांबलेलें यंत्र सेल खातें काय, हा माझा प्रश्न उपरोधाचा होता. त्याचें खरें उत्तर "होय, खातें" असें होतें. मुलगा खरें बोलत होता.

सेल वांचविण्याची ही विद्या खेळण्यांपुरती क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल, म्हणून तिचा थोडा इतिहास सांगतों. गेम बॉय ज्यांच्या देखरेखीखालीं तयार झाला, ते निन्टेन्डोचे गुनपेइ योकोई यांनीं १९८० सालींच ‘गेम अँड वॉच’ नांवाचे खिशांतले खेळ काढले होते. गणकयंत्रांत वापरून स्वस्त झालेला पडदा आणि बटणाएवढे सेल यांवर ते चालत. नवीन व महागड्या विद्येच्या मागें न लागतां, जुनी होऊन स्वस्त व भरवशाची झालेली विद्या नव्या कामीं लावावी, हें योकोई यांचें सूत्र होतें. गेम बॉयचा पडदा म्हणूनच रंगहीन, चार छटांचा आणि स्वतःचा प्रकाश नसलेला ठेवला गेला. पुढल्याच वर्षीं, १९९० सालीं, सेगा कंपनीनें ‘गेम गिअर’ काढला. त्याचा पडदा रंगीत व प्रकाशित, दिसावयास कितीतरी सुंदर. परंतु त्याला सहा सेल लागत आणि ते तीन ते पांच तासांत संपत. गेम बॉयचे चार सेल पंधरा तास व त्याहूनही अधिक पुरत. बाजारांत कोण टिकला हें सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या हातीं देण्याच्या वस्तूंत सेल किती वेळां आणावे लागतात हा घरच्या कर्त्या माणसाच्या दृष्टीनें मोठाच प्रश्न असतो.

पुढें यंत्रें बलवान् झालीं, तरी हा प्रश्न सुटला नाहीं. सोनी कंपनीचें पीएसपी हें यंत्र २००४ च्या अखेरीस निघालें. त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धांवूं शकत असे. परंतु खेळ लिहिणाऱ्यांस आरंभीं २२२ पर्यंतच मुभा होती, आणि पुरा वेग २००७ मध्यें मोकळा झाला. वेगाला लगाम घालण्यांत काय साधतें, हें गणितानें सांगतों. प्रोसेसर काम करीत असतां त्याला लागणारी शक्ति वेगाच्या प्रमाणांत, आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग कमी केला म्हणजे दाबही थोडा उतरवितां येतो. वेग निम्मा केला आणि दाब चार-पंचमांश केला, असें धरूं. चार-पंचमांशाचा वर्ग सोळा-पंचविसांश; त्याचें निम्मे आठ-पंचविसांश. म्हणजे क्षणोक्षणींचा खर्च एकतृतीयांशाहूनही खालीं आला. काम पुरें होण्यास दुप्पट वेळ लागेल हें खरें. तरी त्या कामाचा एकूण खर्च सोळा-पंचविसांशच होतो. काम वेळेंत बसत असेल, तर घाई करण्यांत केवळ तोटा आहे.

अलीकडचें उदाहरण ‘स्टीम डेक’चें. हें यंत्र २०२२ सालीं निघालें. त्याच्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॅट-तासांची, आणि ती खेळाप्रमाणें दोन ते आठ तास पुरते असें कंपनीच सांगते. बॅटरी एकच, मग दोन आणि आठ हा फरक कोठून आला? यंत्र २० वॅट ओढूं लागलें तर चाळीस भागिले वीस, म्हणजे दोन तास. पांच वॅट ओढलें तर आठ तास. किती वॅट ओढावयाचे हें बव्हंशीं आज्ञावलीवर अवलंबून असतें. म्हणून त्यांत चित्रांची दर सेकंदाची संख्या बांधून देण्याची सोय आहे. साठाऐवजीं तीस चित्रें पुरत असतील, तर उरलेल्या तीस चित्रांचे कष्ट वांचतात आणि तेवढा वेळ यंत्र निजूं शकतें.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या मनुष्यास यांत एक ओळखीची गोष्ट दिसते. व्याकरणकारांच्या घरीं लाघवाचें केवढें महत्त्व! अर्धी मात्रा वांचली तरी त्यांस पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी त्यांची प्रसिद्धि आहे, आणि पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रांत भाषेचें सारें शास्त्र बसविलें तें याच वृत्तीनें. हें मीं पुतण्यास ऐकविलें, तेव्हां त्यानें माझी एक समजूत दुरुस्त केली. तो म्हणाला, "अण्णा, सूत्रांतलें लाघव पाठ करणाराच्या स्मरणाचें ओझें हलकें करतें. प्रोग्रॅम लिहावयास आंखूड असून चालावयास महाग असूं शकतो. माझा पहिला प्रोग्रॅम एका आज्ञेनें आंखूडच होता. आम्हांला लाघव हवें तें कामाचें." भेद मार्मिक होता आणि मला तो मान्य करावा लागला.

कामाच्या लाघवाचा दाखला मात्र आमच्या सांगोला तालुक्यांत शेतोशेतीं आहे. माण नदीच्या पात्रांत वर्षांतून बराच काळ वाळूच दिसते, आणि तरीही याच मुलुखांत डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. पाट सोडून सारें रान भिजवावयाचें म्हटलें असतें तर विहिरींतलें पाणी चैत्रापर्यंतही पुरलें नसतें. ठिबकच्या नळीनें मुळापाशीं पाहिजे तेवढें पाणी, पाहिजे तेव्हां द्यावयाचें, आणि एरव्हीं तोटी बंद ठेवावयाची, यानें त्याच विहिरीवर बाग जगते. विहीर मोठी खणण्यापूर्वीं पाणी कोठें वाहून जातें तें पाहावें, हें येथल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. बॅटरी मोठी हवी म्हणून ओरडणाऱ्यांस मात्र तें सांगण्याची गरज आहे.

आतां घरोघरच्या उपयोगाचें. आज गेम बॉय कोणाच्या घरीं नसला, तरी मुलांच्या हातांतला फोन हेंच खेळाचें यंत्र झालेलें आहे. प्रोग्रॅम आपण बदलूं शकत नाहीं. पण त्याची पारख करूं शकतों. पडद्यावर पत्त्यांचा डाव स्वस्थ मांडलेला आहे, चित्र हलत नाहीं, आणि तरीही फोन हातांस गरम लागतो, तर आंतला प्रवासी खिडकीपाशीं येरझाऱ्या घालीत आहे असें समजावें. फोनच्या सेटिंग्जमध्यें ‘बॅटरी’ या मथळ्याखालीं कोणत्या ॲपनें किती वांटा घेतला तें दिसतें. तें आठवड्यांतून एकदां पाहावें. खेळामध्यें चित्रांचा वेग निवडण्याची सोय असेल तर साठाऐवजीं तीस निवडावा, आणि पडद्याचा उजेड उतरवावा. खेळ नुसता थांबवून फोन बाजूस ठेवूं नये. पडदा बंद करावा, म्हणजे बहुतेक खेळ खरोखर निजतात. फोनांतील बॅटरी प्रत्येक वेळीं भरण्या-रिकामें होण्याबरोबर थोडी थोडी झिजते, तेव्हां आज वांचलेली वीज ही तिच्या आयुष्यांतही जमा होते.

यावर कोणी म्हणेल कीं, बॅटरी लवकर संपते तेंच बरें, मुलें खेळ सोडून उठतात. मीही पूर्वीं असेंच म्हणत असें. परंतु मुलानें किती वेळ खेळावें हें वडील माणसांनीं त्याच्याशीं बोलून ठरवावें. तें काम संपलेल्या सेलांवर सोंपविणें म्हणजे आपलें कर्तव्य दुसऱ्यावर ढकलणें होय. आणि सेल कां संपले हें ठाऊक नसतां मुलास दोष देणें तर त्याहून वाईट.

भाऊबीजेच्या दुपारीं मीं तें कपाट उघडलें. ते जुनें यंत्र धोतरांच्या घडीखालीं होतें तसेंच होतें. कुलुप लावण्याच्या रागांत आंतले सेल काढावयाचें मला सुचलें नव्हतें. इतक्या वर्षांत ते पाझरून आंतल्या पत्र्यांवर पांढरा-हिरवा क्षार चढला होता. (वापरांत नसलेल्या कोणत्याही यंत्रांतून सेल काढून ठेवावे, हें गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.) जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी ओटीवर बसलीं असतां मीं तें पुतण्याच्या हातीं दिलें आणि म्हटलें, "त्या दिवशीं तूं खरें बोलत होतास. मीं सर्वांसमक्ष तुला खोटारडा म्हटलें, म्हणून सर्वांसमक्षच सांगतों, चूक माझी होती."

तो कांहीं वेळ यंत्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अण्णा, कारण तेव्हां मलाही ठाऊक नव्हतें. पुढें ही विद्या शिकावयास गेलों, तेव्हां पहिल्यानें हेंच शोधून काढलें होतें."

"मग मला कां नाहीं सांगितलेंस?"

"तुम्ही विचारलें नाहींत."

आई आज हें ऐकावयास नाहीं, एवढें मनास लागून राहिलें. पुतण्या व नात संध्याकाळपर्यंत सेलांच्या पत्र्या घासून साफ करीत बसले होते.